स्कॉटलंडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरायचंय? पहिला दिवस सोलापूरच्या घरापासून मोजा

आपल्याकडं आता बरीच घरं स्कॉटलंडला जायलेत, कुणाचा मुलगा ग्लासगोत शिकतो, कुणाची मुलगी लंडनला नोकरीत आहे, आणि सगळ्यांचा प्लॅन साधारण सारखाच, एडिनबराला उतरायचं, एअरपोर्टवरनंच भाड्याची गाडी घ्यायची आणि थेट हायलँड्स, म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ भाग, गाठायचं. मॅपवर बघितलं तर एडिनबरा ते इनव्हरनेस साधारण २५० किलोमीटर, म्हणजे सोलापूर-पुणे एवढंच, मग आपण म्हणतो त्यात काय, पुण्याला तर आपण जाऊन परत येतो. अंतर बरोबर आहे, पण पुण्याला निघताना आपण रात्रभर झोपून, चहा पिऊन निघालेलो असतो. इथं तसं नसतं, आणि ह्याच एका गोष्टीवर पहिल्या दिवसाचा सगळा प्लॅन ठरवायचा असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशोब करा. भारतातनं स्कॉटलंडला सहसा कुठंतरी विमान बदलूनच जावं लागतं, दुबई, दोहा नाहीतर लंडन. सोलापुरातनं रात्रीची सिद्धेश्वर पकडली तर सकाळी मुंबई, तिथनं एअरपोर्ट, फ्लाइटच्या तीन तास आधी हजर, मग पहिलं विमान, मधला थांबा, दुसरं विमान. घराला कुलूप लावल्यापासून तिकडं बॅग हातात येईपर्यंत चोवीस तास तर सहज जातात, फ्लाइट रात्रीची असली तर तीस-बत्तीसपण होतात. हैदराबादवरनं गेलात तरी फार फरक पडत नाही, फक्त घरापासूनचा पहिला टप्पा जरा सोपा होतो. आता ह्यात घड्याळ मिसळा. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, ते आपल्या साडेचार तास मागं असतात आणि हिवाळ्यात साडेपाच तास. म्हणजे जूनमध्ये दुपारी साडेबाराला उतरलात, इमिग्रेशन, बॅगा, गाडीचं काउंटर हे सगळं करून तीनला स्टिअरिंगवर बसलात तर तुमच्या अंगाला ते संध्याकाळचे साडेसात वाटणार, आणि तिकडं संध्याकाळी सहा वाजता तुमचं शरीर रात्री साडेदहाचं असतं, तेही आदल्या रात्री धड न झोपलेलं. बाहेर मात्र लख्ख ऊन असतं कारण जूनमध्ये तिकडं रात्री दहाच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळं अजून खूप दिवस बाकी आहे असं वाटत राहतं आणि माणूस गाडी पुढं दामटत राहतो. डोळे उघडे राहतात पण डोकं झोपायला लागतं, आणि मागच्या सीटवर आई-आप्पा, पोरं गाढ झोपलेली असतात, चालवणाऱ्याशी बोलायलापण कुणी जागं नसतं.

म्हणून नियम असा ठेवा की पहिल्या दिवशी गाडी चालवायची झाली तर एका तासाच्या आत मुक्काम, जास्तीत जास्त सव्वा तास. आणि उतरायची वेळ संध्याकाळी पाचनंतरची असेल, किंवा डिसेंबर-जानेवारी असेल जेव्हा पावणेचारलाच अंधार पडतो, तर त्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग हाच आहे की पहिली रात्र गाडीशिवाय काढायची. एडिनबरा एअरपोर्टवरनं ट्राम मिळते, अर्ध्या-पाऊण तासात शहराच्या मध्यात, तिथं चालत जाता येईल असं हॉटेल घ्या, संध्याकाळी जरा पाय मोकळे करा, जेवा, झोपा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामनंच परत एअरपोर्टला येऊन गाडी उचला. ह्यात एक दिवसाचं गाडीभाडं वाचतं, शहरातलं पार्किंग वाचतं जे चांगलंच महाग आहे, आणि जुन्या गावातल्या त्या दगडी गल्ल्यांत, ट्राम-बस-सायकलवाल्यांच्या मधनं गाडी घालायची वेळच येत नाही. परत यायला लागतं म्हणून लोकांना हे उलटं वाटतं, पण एअरपोर्ट शहराच्या पश्चिमेला आहे आणि हायलँड्सचा रस्ता तिथनंच सुरू होतो, त्यामुळं वाट वाकडी होत नाही.

काहींना मात्र त्याच दिवशी गाडी हवी असते, सोबत म्हातारी माणसं असतात, बॅगा जास्त असतात, समजू शकतो. मग मुक्काम असा निवडा की शहरात शिरावं लागणार नाही. एडिनबराला उतरत असाल तर साऊथ क्वीन्सफेरी हे गाव पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तिथं १८९०चा तो लाल रंगाचा फोर्थ रेल्वे पूल अगदी डोक्यावर दिसतो, त्याच्याशेजारी रस्त्याचे दोन पूल, नवा क्वीन्सफेरी क्रॉसिंग २०१७चा. संध्याकाळी काठावर बसून पूल बघायचा, पहिल्या दिवसाला तेवढं पुष्कळ. अजून थोडं पुढं जायचं तर लिनलिथगो, जिथल्या राजवाड्यात १५४२ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीचा जन्म झाला. नाहीतर एम९ मोटरवेनं स्टर्लिंग, ५०-६० किलोमीटर, पाऊण तास धरा, वाटेत फॉलकर्कला केल्पीज आहेत, घोड्यांची तीस मीटर उंच स्टीलची डोकी, पोरांना लै आवडतात आणि मोटरवेपासून जवळ आहेत. स्टर्लिंगला मुक्काम केला की दुसऱ्या दिवशी पिटलॉक्री गावाकडं जा नाहीतर ग्लेनकोच्या दरीकडं, दोन्ही वाटा उघड्या.

ग्लासगोला उतरत असाल तर अजून सोपं. एअरपोर्ट शहराच्या बाहेर पेझलीजवळ आहे, एम८वरनं शहराच्या उलट दिशेनं निघायचं, अर्स्किन पूल ओलांडायचा, ए८२ रस्त्याला लागायचं आणि पाऊण तासाच्या आत लॉक लोमंड हे मोठं तळं. बॅलॉक किंवा लस ह्या गावांत राहा. पुलांवर टोल नाही, स्कॉटलंडमध्ये पुलांचे टोल २००८पर्यंत सगळे बंद झाले, त्यामुळं फास्टॅगसारखं काही शोधत बसू नका. मात्र पहिल्या दिवशी लसच्या पुढं जाऊ नका. टारबेटच्या वर ए८२ एकदम अरुंद होतो, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला तळं, समोरनं टुरिस्ट बस, आणि तो रस्ता ताज्या डोळ्यांनी चालवायचा आहे.

स्काय बेटाचं सांगतो, कारण पहिल्याच दिवशी स्काय असा प्लॅन बऱ्याच जणांचा असतो. एडिनबरा ते पोर्ट्री, स्कायचं मुख्य गाव, म्हणजे जवळजवळ सोलापूर-मुंबई एवढं अंतर, न थांबता साडेपाच तास तरी, आणि त्यातला बराच भाग वळणावळणाचा दोन पदरी रस्ता. हे पहिल्या दिवशी नाही म्हणजे नाही.

आता कागदांचं. आपलं भारतीय लायसन तिकडं पर्यटकाला १२ महिन्यांपर्यंत चालतं, पण गाडी देणाऱ्या कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवाच. एमएच १३वाल्यांनी परिवहनच्या सारथी साइटवर अर्ज करायचा, फी १००० रुपये, वर्षभर चालतो, पासपोर्टची कॉपी लागते. परमिट आहे म्हणून मूळ लायसनचं कार्ड घरी ठेवून जाऊ नका, दोन्ही लागतात, मोबाइलमधलं डिजीलॉकर काउंटरवर दाखवून उपयोग नाही.

क्रेडिट कार्ड ही दुसरी गोष्ट आणि इथंच आपल्या कुटुंबांची जास्त गाडी अडते. ज्याच्या नावावर बुकिंग आणि जो मुख्य ड्रायव्हर, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. आप्पांचं कार्ड आणि चालवणार मुलगा, असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. डेबिट कार्डपण बरेच जण घेत नाहीत. कार्डवर डिपॉझिट म्हणून मोठी रक्कम ब्लॉक होते, तेवढी लिमिट शिल्लक ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा आणि पिन पाठ असू द्या. दोघं चालवणार असाल तर दुसऱ्याचं नाव ॲडिशनल ड्रायव्हर म्हणून टाका, थोडे पैसे जातात पण ज्याचं नाव नाही त्यानं चालवली आणि काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो.

इन्शुरन्सचा निर्णय तर सोलापुरात बसूनच घ्या, काउंटरवर नाही. भाड्यात साधारण बेसिक कव्हर असतंच, पण त्यात एक्सेस नावाची रक्कम असते, म्हणजे नुकसान झालं तर पहिले हजार-दोन हजार पाउंड तुमचे. ते शून्य करायला काउंटरवरचा माणूस दिवसाला अमुक इतके असं पॅकेज सांगतो, आणि तुम्ही रात्रभराचे जागे, मागं लाइन लागलेली, पोरगं रडायलंय, अशा वेळी माणूस कशालापण हो म्हणतो. एक्सेसचं कव्हर आधी ऑनलाइन बाहेरनं घेतलं तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं, फक्त त्यात असं असतं की नुकसान झालं तर आधी तुमच्या कार्डवरनं पैसे जातात आणि मग तुम्ही क्लेम करून परत घेता. हे झेपत असेल तर ते घ्या, नसेल तर कंपनीचंच घ्या, पण ठरवून जा. टायर आणि काच कव्हरमध्ये आहे का ते बघा, कारण तिकडच्या अरुंद रस्त्यांवर कडेच्या दगडाला चाक घासणं हेच जास्त होतं.

बुकिंग करताना ऑटोमॅटिक पाहिजे तर तसं स्पष्ट निवडा, तिकडं नुसती गाडी म्हटलं की मॅन्युअल येते आणि ऑटोमॅटिक कमी असतात. फ्लाइट नंबर बुकिंगमध्ये टाका म्हणजे विमान लेट झालं तर त्यांना कळतं. पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा पाच सीटरमध्ये बसत नाहीत, एक साइज मोठी घ्या, पण फार मोठीपण नको कारण तिकडचे रस्ते बारीक. पोराला बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत, जे आधी होईल तोवर, चाइल्ड सीट कायद्यानं लागते, मांडीवर घेऊन चालत नाही, ती पण आधीच बुक करा.

लंडनमार्गे जात असाल तर इमिग्रेशन लंडनलाच होतं, म्हणून पुढच्या फ्लाइटला किमान तीन तास ठेवा आणि शक्यतो एकाच तिकिटावर काढा. दुबई-दोहावरनं गेलात तर इमिग्रेशन एडिनबरा-ग्लासगोलाच. पहिल्या रात्रीचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, विचारतात.

सामानात खायचं काय न्यायचं ह्याचं थोडं बघून. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातनं न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खव्याची मिठाई, तूप हे राहू द्या, ताजा कढीपत्ता आणि आंबेपण नको. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र बिनधास्त न्या, त्यात दूध नाही काही नाही, आणि पहिल्या रात्री ह्याच दोन गोष्टी किती कामाला येतात ते तिथं गेल्यावर कळतं. कारण छोट्या गावांत पबचं किचन आठ-साडेआठला बंद होतं, नंतर गेलं तर फक्त प्यायला मिळतं. म्हणून मुक्कामाला पोचायच्या आधी वाटेत टेस्को, को-ऑप असं सुपरमार्केट दिसलं की थांबा, दही, ब्रेड, केळी, दूध, मायक्रोवेव्हचा भात घ्या, दह्यात शेंगा चटणी कालवली की झालं जेवण. शाकाहारी असाल तर पाकिटावर सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स लिहिलेलं बघा, आणि चिप्सच्या दुकानात कशात तळलेत ते विचारा, काही जण प्राण्याच्या चरबीत तळतात. नळाचं पाणी सगळीकडं पिता येतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

आता गाडी हातात आली. निघायची घाई करू नका, पार्किंगमध्ये वीस मिनिटं गेली तरी जाऊ द्या. आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, चारी चाकांच्या रिम, पुढची काच, बंपरचे खालचे कोपरे, आणि आत मीटरमध्ये पेट्रोल आणि गाडी किती मैल चाललीय ते दिसेल असा एक फोटो. कागदावर नसलेला ओरखडा दिसला तर तिथंच लिहून घ्या. मग आत बसून एकेक बटण बघा. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडं, गाडी डावीकडनंच चालवायची, ही आपली मोठी सोय, अमेरिकन लोकांना जो त्रास होतो तो आपल्याला नाही. पण इंडिकेटरची दांडी डावीकडं असते आणि आपल्या बहुतेक मारुती-ह्युंदाईत ती उजवीकडं, त्यामुळं वळताना हात सवयीनं उजवीकडं जातो आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागतो. तिथं पार्किंगमध्येच पाच-सहा वेळा डावा-उजवा इंडिकेटर देऊन बघा, हाताला कळू द्या. हँडब्रेक बटणाचा असतो, तो लावून-सोडून बघा. लाइट कसे लागतात, रिव्हर्स कसा पडतो, पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला आणि पेट्रोल आहे की डिझेल, हे विचारून घ्या. पंपावर स्वतःच भरायचं असतं, हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची.

रस्त्यावर आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत राऊंडअबाऊट, म्हणजे गोल चौक, येतो आणि खरी परीक्षा तिथं. नियम एकच, उजवीकडनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मोकळं असेल तर न थांबता शिरायचं. आपण सात रस्त्याला जसं गाडीचं नाक थोडं थोडं पुढं घालत जागा करतो तसं तिथं अजिबात करू नका, समोरचा धरूनच चालतो की तुम्ही थांबणार, तो ब्रेकवर पाय ठेवत नाही. डावीकडं किंवा सरळ जायचं तर साधारण डावी लेन, उजवीकडं जायचं तर उजवी लेन आणि उजवा इंडिकेटर, आणि आपल्या आधीचा रस्ता मागं गेला की डावा इंडिकेटर देऊन बाहेर. वळण चुकलं तर अजून एक गोल चक्कर मारा, कुणी काही म्हणत नाही.

आणि एक सवय आठवणीनं मोडायची ती म्हणजे फ्री लेफ्ट. तिकडं सिग्नल लाल असेल तर डावीकडंपण जायचं नाही, वेगळा हिरवा बाण असेल तरच. मोटरवेवर डाव्या लेनमध्ये राहायचं, ओव्हरटेक फक्त उजवीकडनं आणि झालं की परत डावीकडं. हॉर्न जवळजवळ वाजवायचाच नाही. स्पीडचे बोर्ड मैलात असतात आणि गाडीचं मीटरपण मैलातच, त्यामुळं डोक्यात गुणाकार करू नका, बोर्डवर ३० तर काट्यावर ३०. गावांत ३० आणि आता बऱ्याच ठिकाणी २०, बाहेर साध्या रस्त्यावर ६०, मोटरवे आणि डिव्हायडरच्या रस्त्यावर ७०. पांढऱ्या गोलावर तिरकी काळी पट्टी दिसली तर हीच ६०-७०ची मर्यादा लागू असं समजायचं. हायलँड्सकडं जाणाऱ्या ए९ रस्त्यावर डनब्लेनपासून इनव्हरनेसपर्यंत ॲव्हरेज स्पीड कॅमेरे आहेत, म्हणजे कॅमेरा दिसला की हळू आणि पुढं जोरात हे चालत नाही. दारूचं तर स्कॉटलंडचं लिमिट इंग्लंडपेक्षा कमी आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, चालवणाऱ्यानं त्या दिवशी एक घोटपण नको.

सिंगल ट्रॅक रस्ते पहिल्या दिवशी लागू नयेत असाच मुक्काम निवडलाय, पण शेवटचा किलोमीटरभर लागू शकतो. एकच गाडी मावेल एवढा रस्ता आणि मधे मधे पासिंग प्लेसची पाटी, म्हणजे बाजूला घ्यायला रुंद केलेली जागा. समोरनं गाडी दिसली आणि जागा तुमच्या डावीकडं असेल तर आत घ्या, जागा उजवीकडं असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, तो आत घेईल. जाताना हात वर करून थँक्यू. तिथं फोटोसाठी गाडी पार्क करू नका.

झोप आलीच तर काय, हे आधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. काच उघडून, गाणी लावून झोप जात नाही. तिकडच्या हायवे कोडमध्येच, म्हणजे वाहतुकीच्या सरकारी नियमपुस्तकात, लिहिलंय की सुरक्षित जागी थांबा, दोन कप कॉफी प्या आणि किमान पंधरा मिनिटं डुलकी घ्या. मोटरवेच्या कडेच्या पट्टीवर नाही, सर्व्हिस स्टेशनमध्ये, म्हणजे पार्किंग आणि खाण्यापिण्याची सोय असलेल्या थांब्यावर. शेजारच्या सीटवर जो बसेल त्याचं त्या दिवशीचं काम एकच, जागं राहायचं आणि चालवणाऱ्यावर लक्ष ठेवायचं, फोटो नंतर.

मुक्कामाचं बुकिंग करताना चेक-इन बघा, बहुतेक ठिकाणी दुपारी तीन-चारच्या आधी रूम देत नाहीत, सकाळी उतरत असाल तर आधीच मेल करून लवकर मिळेल का विचारा, निदान बॅगा ठेवू देतात. बी अँड बी, म्हणजे नाश्त्यासकट घरगुती मुक्काम, असेल तर किती वाजता पोचणार ते कळवा, घरचीच माणसं असतात, वाट बघत बसतात. आणि खेड्यातल्या घराचा नुसता पोस्टकोड मॅपमध्ये टाकून भागत नाही, एका पोस्टकोडमध्ये लांबलांबची घरं येतात, म्हणून मालकाकडनं नेमकं लोकेशन मागवा आणि त्या भागाचा मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा, डोंगरात रेंज जाते.

पोचल्यावर लगेच झोपू नका, कसंतरी आठ-साडेआठपर्यंत ओढा. तरीपण पहाटे तीन-चारला डोळे उघडणारच, कारण सोलापुरात तेव्हा साडेसात-साडेआठ झालेले असतात. त्याचा त्रास करून घेऊ नका, उलट वापरा. जूनमध्ये साडेचारला उजाडतं, म्हणून रात्रीच मालकाला सांगून नाश्ता पॅक करून घ्या, बॅगा भरून ठेवा, आणि झोप नीट झाली असेल तर सहाला निघा. स्टर्लिंगवरनं निघालात तर आठच्या आसपास ग्लेनको, टुरिस्ट बसा यायच्या आधी, पार्किंगला जागापण मिळते.